म्हातारचळ म्हणूं नये

ज्यांच्या शब्दास मंडळींत मान आहे, त्यांनीं कोणावर ठपका ठेवण्यापूर्वीं किती विचार केला पाहिजे, हें आम्ही कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांत शिकलों. चूक आमचीच होती, म्हणून तिच्यापासूनच ह्या पाठास आरंभ करितों.

त्या गांवीं एक वृद्ध विधवा बाई आपल्या मुलाकडे राहत असे. वय सत्तरीच्या पुढें. मंडळीचें मूठधान्य जमा करून मापून देण्याचें काम तिनें तीस वर्षें केलें होतें, आणि त्यांत एका मापाचीही तूट कधीं आली नव्हती. एके दिवशीं आम्ही घरीं गेलों असतां तिनें आमचा हात धरिला व डोळ्यांत पाणी आणून सांगितलें, "साहेब, ह्या सुनेनें माझे सोन्याचे मणी चोरले." इतक्या प्रामाणिक बाईच्या बोलण्याविषयीं शंका कशी घ्यावी? आम्हीं सुनेस बोलाविलें व घरच्या सर्वांदेखत तिची कानउघाडणी केली. ती कांहीं बोलली नाहीं. पदर तोंडास लावून ती आंत निघून गेली.

दोन महिन्यांनीं बाजरीची कणगी रिकामी करतांना ते मणी एका चिंधींत बांधलेले तळाशीं सांपडले. ते म्हातारीनेंच तेथें ठेविले होते, आणि ठेविल्याचें ती साफ विसरली होती. ती खोटें बोलली नव्हती, आणि सूनही चोर नव्हती. तरी एका निरपराध बाईवर आळ आला, आणि आम्हीं आपल्या शब्दानें तो पक्का केला.

त्या घराची पुढील हकीकत शेवटीं सांगूं. प्रथम ह्या आजाराची माहिती नीट समजून घेतली पाहिजे. कारण असें म्हातारें माणूस आज पुष्कळ घरांत आहे. उपदेशक बंधूंनीं हा पाठ स्वतः दोनदां वाचावा व मग घरोघर समजावून सांगावा.

१. हा आजार कोणता?

"साठी बुद्धी नाठी" अशी आपल्याकडे म्हण आहे. कोणी वृद्ध मनुष्य विचित्र वागूं लागला कीं "म्हातारचळ लागला" असें म्हणून लोक मोकळे होतात. परंतु वय झालें म्हणजे बुद्धि जावीच, असा नियम नाहीं. भारतांतील साठ व त्यापुढील वयाच्या लोकांची पाहणी होऊन २०२३ सालीं जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें त्यांच्यापैकीं शेंकडा सुमारें ७.४, म्हणजे एकंदर सुमारें ८८ लक्ष माणसांस स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षां स्त्रियांत व शहरांपेक्षां खेड्यांत हें प्रमाण अधिक आढळलें. ह्यावरून दोन गोष्टी उघड होतात. शंभर वृद्धांपैकीं नव्वदांहून अधिक ह्या विकारापासून मुक्त आहेत, म्हणून म्हण खोटी ठरते. आणि ज्यांस तो आहे, त्यांस म्हातारपण नव्हे तर आजार झाला आहे.

चष्मा कोठें ठेविला हें विसरणें म्हातारपणीं साहजिक आहे. परंतु चष्मा कशासाठीं असतो हेंच न कळणें, रोजच्या वाटेवर चुकणें, जन्मभर थापलेली भाकरी थापतां न येणें, बाजारांत पैसे मोजतां न येणें, हीं आजाराचीं चिन्हें होत.

स्मृतिभ्रंश हें एकाच रोगाचें नांव नव्हे. मेंदूच्या अनेक रोगांपासून ही अवस्था येते. त्यांपैकीं अल्झायमरचा रोग सर्वांत अधिक आढळतो. मेंदूस रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या बंद पडल्यानें किंवा फुटल्यानेंही ती येते. अल्झायमरच्या रोगाचा शोध कसा लागला, हें आपल्या विषयास फार उपयोगी आहे. १९०१ सालीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरच्या वेड्यांच्या इस्पितळांत ऑगुस्ट डेटर नांवाच्या एक्कावन वर्षांच्या बाईस आणिलें. तिच्या घरच्यांस प्रथम जें खटकलें तें तिचें विसरणें नव्हे. ती नवऱ्याविषयीं संशय घेऊं लागली होती. पुढें ती घरांतील वस्तू लपवूं लागली व कोणी आपणांस मारील म्हणून ओरडूं लागली. आलोइस अल्झायमर ह्या डॉक्टरांनीं तिच्याजवळ बसून प्रश्न विचारले व उत्तरें जशींच्या तशीं लिहून ठेविलीं. तुमचें नांव काय, असें विचारतां ती ऑगुस्ट म्हणे. नवऱ्याचें नांव विचारलें तरी ऑगुस्टच म्हणे.

१९०६ सालीं ती वारली. डॉक्टरांनीं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासला. तो आकसलेला होता. त्याच्या पेशींत बारीक धाग्यांचा गुंता झाला होता, व पेशींच्या बाहेर एका पदार्थाचीं पुटें सांचलीं होतीं. त्याच वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत त्यांनीं ही हकीकत ट्यूबिंगेन येथें विद्वानांच्या सभेपुढें मांडली, आणि १९१० सालीं एमिल क्रेपेलिन ह्यांनीं आपल्या ग्रंथांत ह्या रोगास अल्झायमरचें नांव दिलें. तिचा संशय, तिचें लपविणें, तिचें ओरडणें ह्यांचें मूळ डोळ्यांस दिसेल अशा बिघाडांत होतें. पाय मोडलेल्या मनुष्यास आपण चालत नाहीं म्हणून दोष देत नाहीं. मेंदूचा बिघाड वरून दिसत नाहीं, एवढ्यावरून दोष देणें न्यायाचें होईल काय?

२. वागणूक कां बदलते?

मेंदूंत नवीन आठवणी सांठविणारा एक लहानसा भाग आहे. अल्झायमरच्या रोगांत ह्या भागास लवकर इजा होते. म्हणून सकाळीं जेवल्याचें दुपारीं आठवत नाहीं, परंतु साठ वर्षांपूर्वींचें माहेर स्पष्ट दिसतें. पंचाहत्तर वर्षांची आजी "माझी आई कोठें गेली?" म्हणून रडते, तेव्हां ती ढोंग करीत नाहीं. तिच्या मनांत तो काळ खरोखरच चालूं आहे.

दुसरें कारण असें कीं, मेंदूचा पुढील भाग आपल्या बोलण्याचालण्यास लगाम घालतो. तो भाग झिजला म्हणजे लगाम सुटतो. जन्मभर कोणास अरे म्हटलें नाहीं असा मनुष्य शिव्या देतो, किंवा चारचौघांत वस्त्र सोडतो. स्मृतिभ्रंशाच्या एका जातींत हेंच चिन्ह प्रथम दिसतें, आणि आठवण बरेच दिवस शाबूत राहते. ही जात पुष्कळ वेळां पंचेचाळीस ते पासष्ट ह्या वयांत सुरू होते. म्हणून मंडळीच्या वडिलांस आमची विनंती आहे कीं, सरळ मार्गानें चाललेला मनुष्य उतारवयांत अकस्मात् निर्लज्ज, उधळा किंवा निर्दय झाला, तर त्यास मंडळीबाहेर घालण्याचा विचार करण्यापूर्वीं डॉक्टरांकडे न्यावें.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. घडलेली गोष्ट विसरली तरी तिच्यापासून झालेलें सुख किंवा दुःख मनांत बराच वेळ राहतें. तुम्ही आईवर ओरडलांत तर दहा मिनिटांनीं ओरडणें तिला आठवणार नाहीं, परंतु भीति राहील, आणि त्या भीतीनें ती संध्याकाळीं जेवण ढकलून देईल. "तिला काय कळतें?" असें कोणी म्हणूं नये. गोड बोलणेंही ह्याच रीतीनें आंत टिकतें.

चौथी गोष्ट ही कीं, ह्या आजारांत शब्द सांपडत नाहींत. दांत दुखतो, तहान लागली आहे, लघवीस जावयाचें आहे, थंडी वाजते, हें सांगतां येत नाहीं. मग मनुष्य येरझारा घालतो, मारतो, ओरडतो. जें तोंडानें सांगतां येत नाहीं तें तो वागण्यानें सांगतो. तान्हें मूल रडलें तर आई रागावत नाहीं, कारण शोधते. येथेंही कारण शोधावें. मात्र वृद्धास मूल समजून वागवूं नये. त्याचा मान त्याला कळतो.

३. घरांत काय करावें?

चोरीचा आळ. वस्तु ठेविल्याची आठवण जाते, आणि वस्तु दिसत नाहीं. तेव्हां ती कोणीतरी नेली असली पाहिजे, असें मन ठरवितें. जो सर्वांत जवळ असतो व सर्वांत अधिक सेवा करितो, त्याच्यावरच बहुधा आळ येतो. "मीं घेतलें नाहीं" असा वाद घालूं नये, व शपथाही घेऊं नयेत. "हरवलें काय? चला, दोघें शोधूं या," असें म्हणावें. लपविण्याच्या जागा ठाऊक करून घ्याव्या. मौल्यवान वस्तु वेळींच सुरक्षित ठेवावी.

"मला घरीं जायचें आहे." हें बोलणें बहुधा दिवस मावळतांना सुरू होतें. दिवसभराचा थकवा, अंधुक उजेड व लांब सांवल्या ह्यांनीं मन घाबरतें. "हेंच तुझें घर" असें कितीही सांगितलें तरी तें पटत नाहीं. कारण मनुष्य घर मागतो तेव्हां पुष्कळदां निर्भय जागा मागत असतो. अंधार पडण्यापूर्वींच दिवा लावावा. त्या वेळीं हातास कांहीं काम द्यावें. निघालेंच तर बरोबर चार पावलें चालावें, माहेरच्या गोष्टी विचाराव्या, व बोलत बोलत परत आणावें. शेजाऱ्यांस आधींच सांगून ठेवावें, आणि अंगावरच्या कपड्यांत नांव, गांव व फोनचा आंकडा शिवून ठेवावा. विहिरीवर झांकण असावें.

तोच तोच प्रश्न. उत्तर थोडक्यांत व शांतपणें पुन्हां द्यावें. तिला तो प्रश्न दर वेळीं नवाच असतो. शेंगा सोलणें, धान्य निवडणें, वाती वळणें असें ओळखीचें काम पुढें ठेवावें. काम बरोबर झालें नाहीं तरी तें हिसकावून घेऊं नये.

अंघोळीस नकार. अंगावर अकस्मात् पाणी पडल्याची भीति वाटते, थंडी वाजते, आणि उघडें होण्याची लाज तर शेवटपर्यंत टिकते. पाणी कोमट असावें, वेळ ठरलेली असावी, व अंगावर लुगडें किंवा पंचा राहूं द्यावा. "आतां पायांवर पाणी घालतें" असें आधीं सांगून मग पाणी घालावें. नकोच म्हटलें तर अर्ध्या तासानें पुन्हां विचारावें. एक दिवस ओल्या फडक्यानें अंग पुसलें तरी चालतें.

नसलेलीं माणसें दिसणें. आरशांतील स्वतःचें रूप ओळखूं न आल्यामुळें घरांत परका शिरला असें वाटतें. भिंतीवरची सांवलीही मनुष्य वाटते. आरसा झांकावा, उजेड वाढवावा, डोळे तपासून घ्यावे. स्मृतिभ्रंशाच्या एका जातींत माणसें व जनावरें अगदीं स्पष्ट दिसतात. हा मेंदूचा विकार आहे, भूतबाधा नव्हे. "तेथें कोणी नाहीं" म्हणून भांडण्यापेक्षां "मी तुमच्याजवळ आहें" हें सांगणें अधिक उपयोगी पडतें.

४. एकाएकीं बिघडलें तर

स्मृतिभ्रंश बहुधा महिन्यांमहिन्यांनीं, वर्षांवर्षांनीं वाढतो. परंतु मनुष्य एकदोन दिवसांतच फार बरळूं लागला, रात्रभर ओरडूं लागला, किंवा उलट अगदीं सुस्त पडून राहिला, तर "आजार वाढला" म्हणून स्वस्थ बसूं नये. लघवीच्या मार्गाचा दाह, फुप्फुसाचा विकार, शरीरांत पाणी कमी होणें, मलावरोध, कोठें तरी मोडलेलें हाड, किंवा नवें औषध न मानवणें, ह्यांपैकीं कांहींतरी झालेलें असतें. त्यावर इलाज आहे, आणि उशीर झाला तर जीव जाऊं शकतो. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें.

विसराळूपणाचीं कांहीं कारणें बरीं होण्यासारखीं किंवा पुष्कळ सुधारण्यासारखीं असतात. ब-१२ ह्या जीवनसत्त्वाची उणीव, गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीची मंदता, पडल्यानंतर डोक्यांत सांचलेलें रक्त, व मनाची खोल उदासीनता हीं त्यांपैकीं होत. म्हणून आरंभींच एकदां पुरी तपासणी झाली पाहिजे. अल्झायमरचा रोग समूळ बरा करणारें औषध आज नाहीं. कांहीं औषधांनीं कांहीं रोग्यांस थोडाबहुत आराम पडतो. ज्यांस कोठें जावें हें कळत नाहीं, त्यांनीं सरकारच्या टेली-मानस ह्या मोफत फोनवर, १४४१६ ह्या आंकड्यावर, विचारावें.

५. देवऋषी, दोर आणि गुंगीची गोळी

खेड्यांत ह्या आजारावर तीन उपाय चटकन सुचतात, आणि तिन्ही घातक आहेत. पहिला देवऋषी. अंगांतील भूत काढण्याच्या मिषानें दोरानें बांधणें, काठीनें मारणें, मिरचीची धुरी देणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा आहे. कायदा नसता तरी आजारी आईस मार देणें हें पुत्राचें काम नव्हे.

दुसरा दोर. खाटेस बांधलेला मनुष्य भितो, आणि भ्यालेला मनुष्य अधिक झटापट करितो. त्यांत हात सोलतात व हाडें मोडतात. तिसरा उपाय गुंगीची गोळी. रोग्याचें ओरडणें बंद व्हावें म्हणून जीं मनोविकाराचीं औषधें दिलीं जातात, त्यांपैकीं कांहींनीं स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचें भय वाढतें, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानें २००५ सालीं दिला. क्वचित् तीं लागतात, परंतु डॉक्टरांच्या देखरेखीखालीं. शेजाऱ्याच्या गोळ्या कधींही देऊं नयेत.

६. सेवा करणाऱ्याची सेवा

अशा घरांत दोन माणसें थकतात. एक आजारी मनुष्य, व दुसरी त्याची सेवा करणारी बाई. ती बहुधा सून किंवा मुलगी असते. तिला रात्रीची झोंप नसते, दिवसा शेत असतें, आणि वर आळही तिच्यावरच येतो. भेटीस गेलेला मनुष्य तासभर गोड बोलून येतो. आजारी मनुष्यही परक्यांदेखत पुष्कळदां बरा वागतो, आणि मग गांव म्हणतें, "सासू तर चांगली बोलते, सुनेचेंच कांहीं चुकत असेल." आम्हांसही असेंच वाटलें होतें.

म्हणून भेटीस गेल्यावर प्रथम सुनेस विचारावें, "बाई, काल झोंप झाली काय?" मंडळींतील बायकांनीं पाळी लावून आठवड्यांतून दोन दुपारीं त्या घरीं बसावें, म्हणजे तिला बाजारास जातां येईल किंवा निजतां येईल. ज्या मुलानें आईचें दूध घेतलें, त्यानें सर्व भार बायकोवर टाकूं नये. ही मदत वर्षानुवर्षें लागते, म्हणून ती नियमानें द्यावी.

आतां त्या घराची पुढील हकीकत. मणी सांपडल्यावरही कोणाच्या लक्षांत आजार आला नाहीं. हिवाळ्यांत ती म्हातारी रोज दिवेलागणीस गांठोडें घेऊन माहेरीं निघूं लागली. एकदां ती ओढ्याच्या कांठीं सांपडली, तेव्हां मुलानें तिला रात्रीं खांबास बांधण्यास आरंभ केला. मग ती एकाएकीं दोन दिवस बडबडूं लागली व कोणास ओळखीना. शेजाऱ्यांनीं देवऋषी बोलाविण्याचें ठरविलें. सुनेनें तें मानलें नाहीं. तिनें बैलगाडी जुंपावयास लावून सासूस तालुक्याच्या इस्पितळांत नेलें. लघवीच्या मार्गाचा विकार निघाला. आठ दिवसांत बडबड थांबली, आणि मूळचा आजार स्मृतिभ्रंश आहे, हें डॉक्टरांनीं मुलास समजावून सांगितलें.

त्यानंतर दोर सुटला. संध्याकाळ झाली कीं सून कंदील लावी, सासूचें गांठोडें आपल्या काखेंत घेई, व दोघी गांवाबाहेरच्या चिंचेपर्यंत चालत जात. तेथें बसून म्हातारी जात्यावरच्या ओव्या म्हणे. घरच्यांचीं नांवें ती विसरली होती, परंतु ओव्यांतील शब्द तिला आठवत. परत येतांना ती आपल्याच घरीं माहेरीं आल्याप्रमाणें येई.

आम्ही हें ऐकून त्या घरीं गेलों. ज्या माणसांदेखत आम्हीं सुनेस बोललों होतों, त्यांनाच बोलावून त्यांच्यादेखत तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "साहेब, माझ्यावरचा आळ कणगींतून निघाला. आतां आत्याबाईंस गांवांत कोणी वेडी म्हणूं नये, एवढें तुम्ही सांगा." हा पाठ आम्हीं त्यासाठींच लिहिला आहे.

उपदेशकांनीं विचारावयाचे प्रश्न

१. चष्मा विसरणें व चष्म्याचा उपयोग विसरणें ह्यांत काय भेद आहे?
२. ऑगुस्ट डेटर हिच्या घरच्यांस प्रथम कोणता बदल दिसला? डॉक्टरांस तिच्या मेंदूंत काय आढळलें?
३. चोरीचा आळ आल्यास काय बोलावें व काय बोलूं नये?
४. एकदोन दिवसांत प्रकृति फार बिघडली तर कोणतीं कारणें असूं शकतात? त्या वेळीं काय करावें?
५. आपल्या गांवीं असें घर कोणतें आहे? तेथें सेवा करणाऱ्या मनुष्यास ह्या आठवड्यांत कोण व केव्हां विसांवा देईल?